खेळण्यातला काटा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



ज्या हायस्कुलात मी दहावीपर्यंत शिकलो, त्याच हायस्कुलाच्या पटांगणात आज मला बोलण्यास उभे केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी विद्वान नाही, की वक्ता नाही. आखातातील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात मी तेवीस वर्षे इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. दाब, तापमान आणि प्रवाह मोजणारी यंत्रे उघडणे, साफ करणे, तपासणे आणि पुन्हा जागेवर बसविणे हे माझे काम. थोडक्यात, माझे आयुष्य काट्यांत गेले.

चिटणीस साहेबांनी मला ‘संगणक आणि आपली मुले’ हा विषय दिला. विषय फार मोठा आहे. त्यातला एक लहानसा तुकडा मी घेणार आहे. विमानाच्या कॉकपिटमधील एक तबकडी संगणकावर कशी तयार करतात आणि तिचा काटा कसा फिरवितात, एवढेच मी सांगणार आहे. आपणास वाटेल, याचा आमच्या मुलांच्या अभ्यासाशी काय संबंध? संबंध आहे. थोडा धीर धरावा, ही विनंती.

गोष्ट माझ्या घरातली आहे. मी कायमचा परत आलो तेव्हा माझा पुतण्या नववीत होता. शाळेतून आला की तो संगणकापुढे बसे आणि विमान उडवी. सहामाहीला गणितात पस्तीसवर अडकला. भाईजान संतापले. त्यांनी संगणकाची वायर काढून कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली खिशात घातली. मुलगा दोन दिवस जेवला नाही. भाभी मला म्हणाल्या, “तुम्ही यंत्रातले माणूस, तुम्हीच काय ते सांगा.”

मी मुलाला विचारले, “तू जे विमान उडवतोस, त्यातला उंची दाखवणारा काटा खरा फिरतो का?”

तो म्हणाला, “फिरतो ना चाचा.”

“फिरतो ते मलाही दिसते. खरा फिरतो का? तसा एक तू स्वतः करून दाखव. मग किल्लीचे मी बघतो.”

भाईजाननी एक महिन्याची मुदत दिली. अट अशी की मी रोज शेजारी बसायचे.

आता विमानाच्या खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा कारखाना होता. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसेच हवेवर चालणारे भाते ऑर्गनमध्ये असतात. लिंकने ते भाते एका लाकडी खोक्याखाली बसविले, आत वैमानिकाची खुर्ची ठेवली, आणि दांडा हलविला की खोके विमानासारखे झुके अशी रचना केली. हे १९२९ सालचे. प्रथम हे खोके विकत घेतले ते करमणुकीच्या बागांनी. पैसे देऊन लोक त्यात बसत आणि हसत. पण १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपालाची विमाने उडविण्याचे काम आले, आणि ढगात, अंधारात, वादळात वैमानिक मरू लागले. खिडकीबाहेर न पाहता केवळ काट्यांवर विमान चालविण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा खोकी घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशाच खोक्यांत तयार झाले.

तेव्हा जत्रेतले खेळणे आणि शिक्षणाचे साधन यांत लाकडाचा फरक नव्हता. आतले काटे खरे फिरत होते की नाही, एवढाच फरक होता. पुढे हीच कल्पना १९७९ साली ब्रूस आर्टविक याने घरगुती संगणकावर आणली. आज आमच्या मुलांसमोर आहे ती तिचीच नातवंडे.

यांपैकी फ्लाइटगिअर नावाचा कार्यक्रम १९९७ पासून आहे आणि तो फुकट मिळतो. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. देशोदेशीच्या हौशी आणि जाणत्या लोकांनी तो मिळून बनविला आहे, आणि त्यातली प्रत्येक वस्तू उघडून पाहण्याची व बदलण्याची मुभा आहे. वस्तूंचे आकार घडविण्यासाठी ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर आहे. (भाभींना प्रथम वाटले की मी स्वयंपाकघरातले यंत्र मागतो आहे.) ब्लेंडरची कंपनी बंद पडली तेव्हा २००२ साली जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. ही दोन्ही साधने आमच्या घरच्या साध्या संगणकावर चालली. खर्च झाला तो विजेचा आणि चहाचा.

मुलाने उंचीमापक निवडला. त्याला अल्टिमीटर म्हणतात. या यंत्राच्या पोटात पातळ पत्र्याच्या बंद डब्या असतात. विमान वर गेले की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डब्या फुगतात, आणि त्यांची हालचाल दातेरी चाकांतून काट्यापर्यंत पोहोचते. म्हणजे हे यंत्र खरे तर उंची मोजतच नाही. ते दाब मोजते आणि उंची सांगते. समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार दाब उतरला की उंची सुमारे २७ ते ३० फुटांनी वाढली असे ते धरते. रोजची हवा सारखी नसते, म्हणून शेजारी एक बारीक खिडकी आणि बटण असते. त्या दिवशीचा त्या विमानतळाचा दाब वैमानिकाने त्यात लावायचा असतो. दहा मिलिबारची चूक झाली तर काटा जवळजवळ तीनशे फूट खोटा बोलतो.

काटे तीन. लांब काटा शेकडे दाखवितो आणि हजार फुटांत एक फेरी पुरी करतो. आखूड, जाड काटा हजार दाखवितो आणि दहा हजार फुटांत एक फेरी करतो. तिसरा, सर्वांत लहान, दहा हजार दाखवितो. घड्याळाला जसा मिनिटकाटा आणि तासकाटा, तसेच.

ब्लेंडरमध्ये त्याने प्रथम आठ सेंटीमीटर व्यासाची गोल चकती केली. खऱ्या यंत्राचा आकार सुमारे तेवढाच असतो. तबकडीचे चित्र त्याच्या धाकट्या बहिणीने काढले. ती तेव्हा आठवीत होती आणि तिचा हात सुबक. काळ्या पाटीवर पांढरे शून्य ते नऊ असे दहा आकडे. ३६० अंश भागिले दहा, म्हणजे दोन आकड्यांत ३६ अंश. दोन आकड्यांत पुन्हा पाच भाग, प्रत्येक भाग २० फुटांचा आणि ७.२ अंशांचा. हे चित्र चकतीवर चिकटविले. मग तीन काटे वेगवेगळे केले आणि एकमेकांवर थोडे अंतर सोडून ठेवले. एकाच पातळीवर ठेवले तर कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे हे संगणकाला ठरविता येत नाही, आणि काटा लुकलुकू लागतो.

काटे हलविणे हा पुढचा भाग, आणि खरे शिक्षण इथे आहे. फ्लाइटगिअर चालू असताना विमानाची शेकडो मापे तो आपल्या वहीत क्षणोक्षणी लिहीत असतो. वेग किती, इंधन किती, चाके वर की खाली. प्रत्येक मापाला टपालासारखा पत्ता असतो. आपण एक सूचनापत्र लिहायचे. त्यात चार गोष्टी सांगायच्या: कोणता भाग हलवायचा, कोणत्या पत्त्यावरच्या मापाप्रमाणे हलवायचा, कोणत्या आसाभोवती, आणि एका फुटामागे किती अंश. एवढे सांगितले की काटा जिवंत होतो. पण जे सांगाल तेच तो करतो; मनातले ओळखत नाही.

पहिल्या दिवशी काटा तबकडी सोडून सबंध कॉकपिटभर गोफणीतल्या दगडासारखा फिरू लागला. कारण फिरण्याचा मध्यबिंदू त्याने काट्याच्या बुंध्याशी दिलाच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. ती चूक डोळ्यांना दिसली, म्हणून लगेच सुधारली.

दुसरी चूक तितकी उघड नव्हती. काटे छान फिरत होते, पण दाबाचे बटण फिरविले तरी जागचे हलत नव्हते. शोधता शोधता कळले की वहीत उंचीची दोन मापे आहेत. एक विमानाची प्रत्यक्ष उंची, आणि दुसरे, यंत्राला हवेच्या दाबावरून कळणारी उंची. मुलाने काटा पहिल्याला बांधला होता. तो म्हणाला, “पण चाचा, तीच तर खरी उंची!” मी म्हटले, “खरी असेल, पण विमानातल्या माणसाला ती कोण सांगणार? त्याच्याजवळ फक्त हे यंत्र आहे. यंत्राला जे कळू शकते, तेवढेच काट्याने सांगायला हवे.” तो बराच वेळ गप्प बसला. दाब, उंची आणि तापमान यांचे जे प्रकरण पुस्तकात तो टाळत असे, ते त्या रात्री त्याने स्वतःहून उघडले.

तिसऱ्या चुकीसाठीच मी हे सर्व सांगत आहे.

एका फुटामागे किती अंश, हे साधे त्रैराशिक आहे. हजार फुटांना ३६० अंश, तर एका फुटाला ०.३६. हा लांब काट्याचा हिशेब. आखूड काट्याचा त्याच्या दहावा भाग, म्हणजे ०.०३६. मुलाने तो आकडा लिहिताना ०.०४ लिहिला. “जवळपास तेच आहे,” तो म्हणाला. बाजारात आपण साडेनव्याण्णवचे शंभर करतो, तसे.

जमिनीवर काटा शून्यावर. पाचशे फुटांवर १८ अंशांऐवजी २० अंश, दोन अंशांचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसतो? मीही मान डोलावली. आम्ही पास केले.

रविवारी घरची सर्व मंडळी बसली. मुलाने मुंबईहून विमान उचलले आणि सह्याद्रीकडे वळविले. ढग दाट लावलेले, बाहेर काही दिसत नव्हते. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. तो म्हणाला, “साडेपाच हजारांवरून शिखराच्या डोक्यावरून काढतो.” लांब काटा पाचावर, आखूड काटाही पाचावर. साडेपाच हजार. सर्वजण श्वास रोखून बसले, आणि विमान डोंगराच्या अंगावर आदळले.

खोलीत हशा झाला. मुलगी मात्र पडद्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “साडेपाच वाजता तासकाटा पाच आणि सहाच्या मध्ये असतो. मग हा नेमका पाचावर कसा?”

कागद घेतला. ४५०० गुणिले ०.०४ म्हणजे १८० अंश, बरोबर पाच. ४५०० गुणिले ०.०३६ म्हणजे १६२ अंश, चार आणि पाच यांच्या मध्ये. विमान साडेचार हजारांवर होते. आम्ही शिखराच्या शंभर फूट वर आहोत असे समजत होतो आणि होतो नऊशे फूट खाली. एका आकड्यातले चार हजारांश आम्ही ‘जवळपास’ म्हणून सोडून दिले होते. जमिनीजवळ ते दिसले नाहीत. जसजसे वर गेलो तसतसे वाढत गेले.

मुलगा हसत म्हणाला, “खेळच आहे चाचा, पुन्हा सुरू करतो.”

तेव्हा मी त्याला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. आज आपणा सर्वांपुढे सांगतो.

कारखान्यात प्रत्येक दाबमापक ठरावीक मुदतीनंतर काढून प्रमाण वजनांवर तपासायचा, आणि मग त्यावर तारखेची चिठ्ठी लावून सही करायची, असा नियम होता. एका गुरुवारी संध्याकाळी माझे दोन मापक तपासायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सुट्टी. बस उभी होती. दोन्ही काटे शून्यावर होते. मी सही केली आणि बस पकडली. त्यांतला एक मापक शून्यावर बरोबर होता, पण वर जाताना दोन बार कमी दाखवीत होता. रात्रपाळीच्या ऑपरेटरने शेजारच्या मापकाशी ताडून पाहिले, त्याला फरक दिसला, आणि त्याने लाइन बंद केली. कुणाला इजा झाली नाही. माझा फोरमन केरळचा, वयाने मोठा माणूस. तो ओरडला नाही. चिठ्ठी माझ्या हातात देऊन एवढेच म्हणाला, “काट्याला जीभ नाही. जे बोललास ते तू बोललास.” नोकरी राहिली. पण त्या ऑपरेटरने शेजारी पाहिले नसते तर काय झाले असते, हे मी अजून रात्री आठवतो.

मित्रांनो, अशा चुकांची किंमत जगाने दिलेली आहे. १९५८ साली २४ डिसेंबरला इंग्लंडमध्ये ब्रिटानिया जातीचे विमान चाचणीच्या उड्डाणावर होते. त्यात तीन काट्यांचा हाच उंचीमापक होता. तो वाचण्यात दहा हजार फुटांची चूक झाली. विमान उंच आहे असे समजून वैमानिकांनी ते खाली आणले आणि धुक्यात ते जमिनीवर आदळले. नऊ माणसे गेली.

दुसरी घटना आपल्या मुंबईची. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. आपल्यापैकी किती घरांची चूल दुबईच्या वाटेवर पेटली आहे, हे मी सांगायला नको. विमान समुद्रावर आले. खाली काळोख, वर काळोख. क्षितिज दिसत नव्हते. विमान किती कलले आहे हे दाखविणारे कप्तानापुढचे यंत्र बिघडले आणि विमान उजवीकडे कलल्याचे दाखवू लागले. ते सरळ करण्यासाठी कप्तानाने विमान डावीकडे वळविले. प्रत्यक्षात ते डावीकडे कलंडत गेले आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात पडले. २१३ माणसे होती. एकही वाचले नाही. कॉकपिटमध्ये तेच माप दाखविणारी इतर यंत्रे होती. ती पाहून सावरण्यास जो वेळ हवा होता, तो मिळाला नाही. त्या कप्तानास दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच्या खुर्चीत बसून, त्या काळोखात, आपण काय केले असते हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तेव्हापासून मी मुलांना एक सांगतो: एका काट्यावर विसंबू नका, शेजारचा पाहा.

मुलाने पुन्हा खेळ सुरू केला नाही. त्याने आकडा दुरुस्त केला. मग शून्यापासून दहा हजारांपर्यंत दर पाचशे फुटांवर तिन्ही काट्यांचे अंश त्याने हिशेबाने काढले, वहीत लिहिले, आणि बहिणीला शेजारी बसवून एकेक ताडून पाहिला. एकवीस नोंदी. शेवटी मी विचारले, “सही कोण करणार?” त्याने वही माझ्याकडे सरकविली. मी ती परत त्याच्याकडे सरकविली. त्याने केली. खाली बहिणीने केली.

त्यानंतर त्याने वेगमापक केला. तो अधिक अवघड. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खऱ्या यंत्रातील जोडणी तो फरक बराचसा सावरते, तरी तबकडीवरचे अंतर सगळीकडे सारखे नसते. तिथे एका त्रैराशिकाने भागत नाही. या वेगाला इतके अंश, त्या वेगाला तितके, असा तक्ताच द्यावा लागतो. तो तक्ता करण्यासाठी त्याने आलेखाचा कागद मागितला. भाईजाननी स्वतः बाजारातून आणून दिला, आणि कपाटाची किल्लीही त्याच दिवशी दारामागच्या खिळ्याला अडकविली.

पालकांना मी हात जोडून सांगतो की संगणक म्हणजे सर्व काही चांगले, असे माझे म्हणणे नाही. नुसता खेळणारा मुलगा वेळ घालवतो, हे खरे आहे. तेव्हा किल्ली लपवण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारा, “हे कसे चालते? तसे तुला करता येईल का?” उत्तर शोधायला तो लागला, तर त्याला बसू द्या. नाही लागला, तर किल्ली खुशाल खिशात ठेवा. आणि मुलींनाही त्याच खुर्चीवर बसवा. आमच्या घरात चूक पकडली ती मुलीने.

विद्यार्थ्यांना सांगतो, संगणकावर विमान उडविल्याने कुणी वैमानिक होत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास खरे विमान चालवावे लागते आणि त्याला लाखो रुपये लागतात. ते आमच्या घरालाही जमले नाही. पण वर्तुळ, कोन, प्रमाण आणि हवेचा दाब हे सर्व तुमच्या शालेय पुस्तकांत आहे, आणि त्याला फी लागत नाही. सूचना इंग्रजीत आहेत म्हणून घाबरू नका. दहा-वीस शब्दच पुन्हा पुन्हा येतात. मी दर शनिवारी दुपारी शाळेच्या संगणक खोलीत बसण्यास तयार आहे. मुख्याध्यापक साहेबांनी परवानगी द्यावी, एवढीच विनंती.

माझा पुतण्या आज इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वैमानिक झाला नाही. दाबमापक तपासायला शिकतो आहे. सुट्टीत आला होता, तेव्हा मी त्याला विचारले, कॉलेजात काय शिकवतात? तो म्हणाला, “चाचा, काटा शून्यावर असला तरी सही करायची नाही.”